निकाहनाम्यातला कोरा रकाना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुस्लिम मुलींच्या शिक्षणाचे आणि नोकऱ्यांचे आता सर्वत्र कौतुक होते, ते योग्यच आहे. पण फार्मसी, नर्सिंग, डी.एड. केलेली कमावती मुलगीसुद्धा आपला निकाहनामा न वाचताच सही करते, याकडे कोणाचे लक्ष नाही. निकाह हा करार आहे आणि त्यात वधू स्वतः एक पक्ष आहे. प्रत्यक्षात वकील (कोर्टातला नव्हे, वधूची संमती विचारणारा तिचा प्रतिनिधी) आणि दोन गवाह बायकांच्या खोलीत येतात, रजिस्टर तिच्या मांडीवर ठेवतात, सहीची जागा बोटाने दाखवतात आणि दोन मिनिटांत परत जातात. अटींचा रकाना असलाच तर कोरा, नाहीतर त्यावर आडवी रेघ.

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी सात महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तो तोंडी तलाकविरुद्ध. 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि 2019 चा कायदा यांनी एका दमात दिलेला तिहेरी तलाक बंद केला. मात्र बाईलाच वेगळे व्हायचे असेल तर 1939 च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्याखाली कोर्टाच्या खेपा, किंवा खुला, म्हणजे पत्नीने मागून घेतलेली फारकत. आणि खुला घेताना बहुधा मेहरवर, म्हणजे निकाहात पतीने पत्नीला द्यायच्या रकमेवर, पाणी सोडावे लागते.

शरियतीतच आणखी एक वाट आहे, तलाक-ए-तफवीज. पती तलाकचा आपला हक्क पत्नीला सोपवतो; एकदा दिलेला हा हक्क त्याला परत घेता येत नाही. चूक होते ती शब्दांत. ‘पत्नीला तलाकचा हक्क राहील’ एवढेच लिहिले, तर हनफी (सुन्नी मुस्लिमांच्या एका न्यायपरंपरेच्या) मताप्रमाणे तो त्या बैठकीपुरताच मानला जाऊ शकतो. म्हणून ‘जेव्हा केव्हा’ हे शब्द हवेत. सोबत कारणेही लिहावीत: दुसरे लग्न, मारहाण, ठरावीक महिने खर्च न देणे, नोकरी किंवा शिक्षण बंद पाडणे. शेजारच्या पाकिस्तानात 1961 च्या कायद्यानंतर छापील निकाहनाम्यात यासाठी अठरावा रकानाच आहे, तरी निकाह लावणारे तो सर्रास खोडतात. नुसता रकाना छापून भागत नाही.

मेहरचेही तसेच. हनफी मताप्रमाणे मेहर किमान दहा दिरहम, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम चांदी. आजच्या भावाने 786 किंवा 1,001 रुपये त्यात बसतच नाहीत! शिवाय उर्दूत ‘मुअज्जल’ हा शब्द ऐनने लिहिला तर लगेच द्यायची मेहर, वाववरच्या हमजाने लिहिला तर नंतर द्यायची. उच्चार जवळपास एकच, फरक एका अक्षराचा आणि वाद वर्षानुवर्षांचा. सरळ मराठीत किंवा हिंदीत ‘रोख इतकी, बाकी इतकी’ असे आकड्यांत आणि अक्षरांत लिहावे. रकमेऐवजी सोने ठरवले तर वजन नोंदवावे, कारण पैशाची किंमत घसरते.

हे सारे निकाहाच्या दिवशी मंडपात जमणार नाही. रिश्ता पक्का होताना, मंगनीपूर्वीच मुलीने अटींचा मसुदा मुलाकडच्यांना आणि काझीसाहेबांना द्यावा. इजाब-कबूल (निकाहाचा प्रस्ताव आणि स्वीकार) त्या अटींसह व्हावे आणि प्रत्येक पानावर दोघांच्या व गवाहांच्या सह्या असाव्यात. महाराष्ट्रात विवाहाची नोंदणी 90 दिवसांत करायची असते. तेव्हा उर्दू निकाहनाम्याचे मराठी भाषांतर सोबत ठेवावे. आणि वधूची प्रत वधूच्याच हातात द्यावी, अब्बांच्या कपाटात नको.

– एक वाचक, सोलापूर