शनिवारच्या अन्नसेवेबाबत सूचना

सेवा गटातील सर्व बंधुभगिनींना कळविण्यात येते की, सोलापूर रेल्वे स्थानक व एसटी स्टँड परिसरात उघड्यावर राहणाऱ्यांना जेवण आणि चादरी देण्यासाठी आपण येत्या शनिवारी सायंकाळी ६ वाजता चर्चच्या आवारातून निघणार आहोत.

कडक भाकरी टिकते खरी, पण दात नसलेल्या वृद्धांना ती चावत नाही. म्हणून घरून ज्वारीच्या मऊ भाकरी व कमी तिखटाची आमटी आणावी आणि शेंगाचटणी वेगळ्या पुडीत बांधावी. चादरी मोजक्याच असल्याने त्या प्रथम वृद्धांना व लेकुरवाळ्या स्त्रियांना द्याव्यात.

कोणाचेही छायाचित्र काढू नये; जेवणाच्या बदल्यात प्रार्थनेचा आग्रह तर मुळीच धरू नये. कोणी गंभीर आजारी आढळल्यास १०८ वर, एकटे मूल दिसल्यास १०९८ वर तत्काळ फोन करावा.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नाव नोंदवावे.

– सचिव, सेवा गट