विषाणूचे औषध आणि थांबवलेले ऑपरेशन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मेहुण्यांना किरणोपचाराचा शेक देण्यासाठी नेले असता कोल्हापुरातील एका रुग्णालयात राधानगरी तालुक्यातील एक शेतकरी शेजारी बसले होते. गालावर टॉवेल धरलेला, आणि खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत विषाणूने कर्करोग बरा होणार असल्याच्या बातमीचे कात्रण. "ही सुई येईस्तोवर ऑपरेशन थांबवलंय," असे ते कसेबसे म्हणाले. मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले, तरी त्यांना काय सांगावे, हे मला पटकन सुचले नाही.

हे संशोधन खरे आहे आणि मला त्याचे मनापासून कौतुक आहे. विषाणूतील रोगकारक जनुके काढून त्या जागी उपयोगी प्रथिनाचे जनुक बसवले की तोच विषाणू कर्करोगाच्या पेशीत शिरून तिच्याकडूनच ते प्रथिन तयार करून घेतो. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेल्या टी-व्हेक या औषधात नागिणीच्या कुळातला, ओठांवर फोड आणणारा विषाणू असाच बदललेला आहे. तो गाठीतील पेशी फोडतो आणि प्रतिकारशक्तीला जागे करणारे प्रथिनही तेथे सोडतो. परंतु हे औषध मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातील, शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या गाठींत थेट टोचायचे आहे. २०२२ मध्ये मान्य झालेले दुसरे औषध इंटरफेरॉन या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या प्रथिनाचे जनुक पोहोचवते, तेही मूत्राशयाच्या एका विशिष्ट कर्करोगात, बीसीजीचा (क्षयाची लस, जी या कर्करोगावरही वापरतात) उपयोग न झालेल्या रुग्णांसाठी. डोके व मानेच्या कर्करोगावर पी-५३ हे पेशींची बेसुमार वाढ रोखणारे जनुक नेणाऱ्या विषाणूला चीनने २००३ मध्येच परवानगी दिली, मात्र अमेरिका व युरोपात ती मिळालेली नाही.

आपल्याकडे तंबाखू आणि माव्यामुळे तोंडाचा कर्करोग घरोघरी पोहोचला आहे, आणि तो लवकर सापडला तर शस्त्रक्रिया हाच त्यावरचा मुख्य उपचार आहे. त्यामुळे अशी बातमी छापताना औषध कोणत्या कर्करोगासाठी आहे, प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, आणि ते भारतात मिळते का, या तीन गोष्टी पहिल्याच परिच्छेदात द्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण कात्रण कापताना लोक बहुधा मथळा आणि वरचा मजकूर तेवढाच ठेवतात. त्या शेतकऱ्यांच्या पिशवीतही तेवढाच होता.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर