दीप अमावास्येच्या भजनाला घरातला एक प्रसंग सांगायचा आहे

सर्व ताई-वहिनींना नमस्कार.

येत्या दीप अमावास्येला, श्रावण लागण्याच्या आदल्या संध्याकाळी, आपले भजन ६ वाजता आहे. त्याच्या आदल्या दिवशी, आषाढ वद्य चतुर्दशीला, सावता माळ्यांची पुण्यतिथी. अरणच्या मळ्यात राबता राबताच त्यांना विठ्ठल भेटला. म्हणून यंदा प्रवचन ठेवलेले नाही. देव जवळ असल्यासारखे वाटले, असा घरातला एकेक प्रसंग आपणच सांगू या.

माझा सांगते. गेल्या वर्षी चिंचेने समया घासत होते. नातवाने सगळ्यांत काळवंडलेला लामणदिवा उचलला. म्हणाला, "आजी, हा पणजीचा ना? मग हा आधी." सासूबाईंना त्याने पाहिलेलेही नाही. माझे हात तिथेच थांबले. त्या दिवशी पहिली वात त्यातच लावली.

प्रसंग मोठा नको, उपदेश तर नकोच. अबोला सुटल्याचा, आजारपणातल्या रात्रीचा, काहीही चालेल. बोलायला संकोच वाटला तर नुसते ऐकायला या.

घरचा एक दिवा घासून आणावा. कणकेचे गोड दिवे मी उकडून आणते, तूप कोणीतरी आणा. मुलांना जरूर आणा, त्यांना ओवाळायचे आहे.