तिसऱ्या मजल्यावरच्या ताई, पिलूच्या लसींसाठी थँक यू

ताई,

समोर बोलायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

सप्टेंबरमध्ये पुण्याहून स्टुटगार्टला आलो तेव्हा पिलू पाच महिन्यांची होती. पुण्यात टोचायला न्यायचं तर दवाखान्यात मेसेज टाकायचा आणि संध्याकाळी जायचं, बस. इथे सात ठिकाणी फोन केले, कुणी इंग्रजीत कुणी जर्मनमध्ये, पण उत्तर एकच, नवीन पेशंट घेत नाही. त्यात इन्शुरन्सचं कार्डही अजून आलं नव्हतं. त्या दिवशी लिफ्टपाशी तुम्ही फक्त "बाळ कसंय?" विचारलंत आणि मला रडूच फुटलं.

त्याच रात्री जेवणं उरकून तुम्ही आमचं लसीचं कार्ड घेऊन बसलात. डॉक्टरांचं अक्षर आणि ब्रँडचे स्टिकर, मला स्वतःलाच धड कळत नव्हतं काय काय झालंय ते. तुम्ही एकेक स्टिकर वाचून वहीत तक्ता केलात, लस कोणती, कुठल्या कुठल्या आजारांवरची, तारीख काय. जन्मानंतरची बीसीजी, पोलिओचे थेंब, मग 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस. कार्ड येईपर्यंत इन्शुरन्सवाल्यांकडून तात्पुरतं पत्र मागवता येतं हेही तुमच्याकडूनच कळलं. आणि सकाळी आठला दवाखाना उघडल्या उघडल्या फोन लावून अपॉइंटमेंट मिळवलीत, स्वतः ऑफिसला उशीर करून.

मला धास्ती होती की सगळं पहिल्यापासून टोचायला लावतील. पण डॉक्टरीणबाईंनी कार्ड आणि तुमचा तक्ता शेजारी ठेवून बघितला आणि म्हणाल्या, दिलेला प्रत्येक डोस धरला जातो. सगळं पिवळ्या इम्फपासमध्ये, म्हणजे इथल्या लसींच्या पुस्तिकेत, उतरवून घेतलं. सहा आजारांची एकत्र लस इथे 2, 4 आणि 11 महिन्यांना देतात, म्हणजे आमची पुढची थेट 11 व्या महिन्यात. मेंदूज्वरावरची मेनिन्गोकॉकल बी लस तेवढी राहिली होती, इथे 2024 पासून सगळ्या बाळांना द्यायला सांगतात, ती त्याच दिवशी सुरू केली. इथे 1998 पासून बीसीजी देत नाहीत, त्यामुळे दंडावरची खूण बघून नर्स गोंधळली तेव्हाही तुम्हीच समजावलंत.

आणि ती रात्र! पिलू तापाने फणफणलेली, हातात पॅरासिटामॉलची सपोझिटरी, म्हणजे शीच्या जागेतून द्यायची गोळी. आपल्याकडे सिरप पाजायची सवय, मी ती कधी हातातही धरली नव्हती. साडेअकराला तुम्ही गाऊनवरच खाली आलात, कशी द्यायची दाखवलंत आणि ताप उतरेपर्यंत बसून राहिलात. माझी आई जवळ असती तर तिनेही हेच केलं असतं.

एक सांगायचं राहिलं. मार्चच्या डोसला तुम्ही भारतात असणार ना, म्हणून काल सकाळी आठला मीच फोन लावला, तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये. अपॉइंटमेंट मिळाली, ताई.

तुमची,
पिलूची आई