सड्याच्या कागदावर सही करण्याआधी

चि. बाय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊकाकांनी तुला फोन केला होता हे त्यांनीच मला सांगितलं. सड्याच्या जमिनीला, आपल्या त्या वरच्या कातळी माळाला, गिऱ्हाईक आलंय, सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, म्हणून तुझी संमती हवी. तू "आईला विचारून सांगते" म्हणालीस, ते बरं केलंस. ही गोष्ट फोनवर दोन मिनिटांत बोलण्यासारखी नाही, म्हणून लिहिते आहे. रविवारी निवांत असशील तेव्हा वाच.

आधी व्यवहाराचं. तुझ्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, भाऊकाकांच्या धाकट्याची फी भरायची आहे, हे मला दिसतंय. त्यांच्यावर माझा राग नाही. त्या जमिनीतून आजवर कुणाच्या हातात रोकड पडलेली नाही. पावसाळ्यात गुरांना चरायला, दिवाळीनंतर गवत कापायला, पूर्वी कडेकडेने थोडी नाचणी आणि वरी, एवढाच तिचा हिशेब. घेणारा म्हणतो, निम्म्यावर चिरेखाण काढू, उरलेल्या कातळाला सुरुंग लावून खड्डे मारू आणि माती भरून आंब्याची कलमं लावू, रस्त्याच्या अंगाला प्लॉट पाडू. उतारावरच्या आपल्या राईतली उभी झाडं तो वेगळ्या भावाने घेणार आहे. भाव त्याने पाडून मागितलेला नाही, हेही खरं. तरी तू सही करू नयेस असं मला वाटतं. का, ते सांगते.

शिकायला तू लवकर रत्नागिरीला गेलीस, त्यामुळे तुझ्या डोळ्यांपुढचा सडा मे महिन्यातला असणार. काळा तापलेला कातळ, करवंदीच्या जाळ्या आणि दगडाखाली फुरसं असेल म्हणून जपून टाकलेलं पाऊल. त्या दिवसांत कुणालाही वाटेल की इथे काही नाही. पण जूनचे पहिले चार-सहा पाऊस पडले की आठवड्याभरात तिथे चालताना पाऊल कुठे ठेवावं कळत नाही. खळग्यांत पाणी साचतं आणि रात्री बेडकांचा आवाज पार वाडीपर्यंत येतो. कातळाच्या भेगांतून दीपकाडी वर येते, पांढरी, लांब मानेची. ही कोकणातले आणि आसपासचे सडे सोडले तर जगात दुसरीकडे कुठे उगवत नाही. आपल्या दाराशी आहे म्हणून आपल्याला तिचं काही वाटत नाही.

श्रावणात सीतेची आसवं फुलतात आणि सड्याच्या उथळ पाण्यावर निळी-जांभळी झाक येते. शाळेत शिकवत असताना मी मुलांना भिंग देऊन तिथे ओणवं बसवायची. एक रोप चिखलासकट अलगद उचलायचं आणि वाटीतल्या पाण्यात धुवायचं. खाली केसासारखे धागे निघतात आणि त्या धाग्यांना मोहरीहूनही बारीक फुगे लागलेले असतात. प्रत्येक फुग्याला दार असतं. पाण्यातला एखादा सूक्ष्म किडा दारावरच्या केसांना लागला की दार आत उघडतं, पाण्याबरोबर किडा ओढला जातो आणि दार मिटतं. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी हे होऊन जातं. कातळावर माती बोटभर, तिच्यात नत्र जवळजवळ नाही, म्हणून या झाडाने आपलं पोट भरायची ही रीत काढली. गेंद, कवला, तेरडा, दवबिंदू, सगळ्यांनीच या बोटभर मातीशी आपापला काही ना काही मेळ बसवलेला आहे. हा मेळ बसायला किती काळ लागला असेल याचा अंदाज आपल्याला करता येत नाही. सुरुंगाला मात्र एक दुपार पुरते. वरून बाहेरची लाल माती टाकून तो परत बसवता येत नाही, कारण या झाडांना जास्त माती नकोच असते. ती आली की गवत आणि रान माजतं आणि ही नाजूक मंडळी त्याखाली गुदमरतात.

कशेळीच्या सड्यावरचा हत्ती तुला आठवतो? कातळात कोरलेला, इतका मोठा की जवळ उभं राहिलं तर तो हत्ती आहे हे कळतच नाही, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी आणि मासे. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी असे सडे पायी पालथे घातले म्हणून ही कातळशिल्पं जगापुढे आली. कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, उक्षी ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काही ठिकाणी चक्क गेंडा कोरलेला आहे. ज्याने कोरला त्याने तो पाहिला असणार. आज कोकणात गेंडा आहे असं म्हटलं तर लोक हसतील. इथे एकेकाळी कोण कोण नांदत होतं, याची ही साक्ष याच कातळावर आहे, आणि त्याच कातळाचे चिरे कापायचा बेत चालला आहे. आपल्या तुकड्यावर अजून काही सापडलेलं नाही. नीट शोधलंय तरी कुणी?

आता पाण्याचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सड्याचा हा कातळ म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यात हळूहळू मुरतो आणि खाली उतारावर झऱ्यांनी बाहेर येतो. आपली वाडी त्याच उताराच्या पायथ्याशी आहे. आपली विहीर, पऱ्ह्याचा ओढा, देवळामागची पाणंद जिथे वैशाखातही ओली असते, हे सगळं वरच्या सड्याचं देणं आहे. शेजारच्या गावात चिरेखाण सुरू झाली त्याच्या पुढच्याच पावसात त्यांचा पऱ्ह्या लाल वाहिला आणि खालच्या खाचरांत गाळ बसला. तिथल्या बायकांशी मी बोलले आहे. त्यांची विहीर आता चैत्रातच तळ दाखवते. जमीन विकलेला माणूस मुंबईला निघून गेला, टँकरची वाट त्या बघतात.

राईबद्दल तुझ्या मनात काय आहे मला माहीत नाही. भाऊकाका म्हणतात, "झाडं काय, पुन्हा येतील." येतील, पण किती वर्षांनी? रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडं आहे. उरलेलं सगळं तुमच्या-आमच्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर आहे, म्हणून ते राहणार की जाणार हे घराघरातल्या सह्यांवर ठरतं. गावोगाव ठेकेदार फिरतात आणि उभ्या झाडांचा सौदा करतात. करवत आली की किंजळ, ऐन, बेहडा, साताविण, सगळं सरसकट जातं. आपल्या राईतल्या त्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतात. मादी उन्हाळ्याच्या तोंडाला आत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. नर दिवसभर वड-उंबराची फळं आणून तिला आणि पुढे पिलांना त्या फटीतून भरवतो. मी चुलीसाठी शेणी आणायला जाते तेव्हा त्याच्या पंखांचा घों घों आवाज आधी ऐकू येतो, पक्षी मागाहून दिसतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला मावेल अशी ढोली कोवळ्या झाडाला नसते. शंभर नवी रोपं लावली तरी तुझ्या-माझ्या हयातीत ती होणार नाही. आणि तो गेला की त्याने रानभर टाकलेल्या बिया कोण टाकणार?

तू म्हणशील, आई, जग तापतंय, समुद्र तापतोय, आपण एक सडा राखून काय होणार. समुद्र तापतोय हे मी इथे बसून बघते आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडलंय की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. आपल्याला ती नावांनीच पाठ झाली आहेत. २००९ च्या नोव्हेंबरात फयान. ३ जून २०२० ला निसर्ग, ज्याने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी, १६ मे २०२१ ला तौक्ते, ऐन आंब्यात. दोन महिन्यांनी, २२ जुलैला चिपळूण बुडालं आणि त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर डोंगर आला. कलमांना मोहोर येतो, फळ धरतं आणि मार्चच्या उन्हात गळून जातं. भाऊकाका फवारणीचा खर्च दरवर्षी वाढवतात आणि दरवर्षी कमी आंबा काढतात. अशा दिवसांत नवी कलमं लावायला कातळ फोडणं मला तरी हिशेबाचं वाटत नाही. पाऊस धो धो एकदम पडणार असेल तर तो मुरवून घेणारा कातळ आणि माती धरून ठेवणारी राई आपल्याला पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे.

आणि राखून काही होत नाही, हे मला मान्य नाही. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र मंडळींनी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली तेव्हा गावात अंडी खायची सवय होती. आज तिथली माणसं पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात, आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला आलेल्या पाहुण्यांना घरात उतरवून चार पैसे मिळवतात. ते लोण आपल्याकडे गावखडीला, वेत्येला आलं. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली! एवढा भारताला वळसा घालून आलेल्या जिवाला इथली वाळू मोकळी मिळाली, कारण कुणीतरी ती मोकळी ठेवली होती. तिथेही उन्हाचं संकट आहेच. वाळू जास्त तापली तर अंड्यांतून बहुतेक माद्याच निघतात आणि त्याहून तापली तर पिल्लं आतच मरतात. पण घरटी राखणारी माणसं आहेत म्हणून निदान सावली करता येते.

दोडामार्गातलं हेवाळे-बांबर्डे तर जवळजवळ आपल्यासारखंच. तिथल्या देवराईत रानजायफळाची पाणथळ राई निघाली, महाराष्ट्रात तोवर कुणाला ठाऊक नव्हती. गावाने देवाची म्हणून ती तोडली नव्हती. आता ती जैवविविधता वारसा स्थळ आहे. त्या गावाने कुठला मोठा प्रकल्प केला नव्हता, फक्त विकली नव्हती.

जगभरच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली सांगितलं की सुमारे दहा लाख जाती नाहीशा होण्याच्या वाटेवर आहेत. एवढा मोठा आकडा मला पेलत नाही. पण त्यातल्या काही आपल्या सर्व्हे नंबरात असतील, आणि त्यांचं काय करायचं ते आपल्या दोघींच्या हातात आहे, एवढं मला कळतं.

माझ्या मनात काय आहे ते सांगते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत त्यासाठी समिती आणि गावातल्या झाडा-जिवांची, लोकांना विचारून भरलेली नोंदवही असायला हवी. आपल्याकडे वही आहे, पण ती कुणीतरी ऑफिसात बसून भरल्यासारखी आहे. त्यात सड्याचं एकही फूल नाही. येत्या पावसात मी शाळेतल्या मुलांना घेऊन ती नीट भरणार आहे: कुठल्या महिन्यात काय फुलतं, कुठला झरा कधी आटतो, धनेशाची झाडं कुठली. ग्रामसभेत ठेवायला हाताशी काही लेखी असलं पाहिजे. तू कॉम्प्युटरवर नकाशा करून दिलास तर फार मदत होईल.

पैशाचंही मी ठरवलंय. घरामागच्या कलमांचं माझ्या हिश्श्याचं उत्पन्न दोन वर्षं तुझ्या हप्त्यांना घे. ते फार नाही, पण आहे ते घे. भाऊकाकांना त्यांचा हिस्सा विकायचाच असेल तर आपण रीतसर वाटणी मागू, म्हणजे राई आणि तिच्या माथ्यावरचा कातळ आपल्याकडे येईल असं बघू. वाटणीत रस्त्याकडची चांगली जमीन त्यांना गेली तरी चालेल. मी त्यांच्याशी आधी बोलते, तू मधे पडू नकोस. मोठ्या दिराशी मी कधी वाकडं बोललेली नाही आणि आताही बोलणार नाही.

कुणी कागद घेऊन पुण्याला आलं, अगदी घरचं माणूस आलं, तरी पाणी-चहा दे आणि "आईला दाखवून देते" म्हण. कुलमुखत्यारपत्राचा कागद असेल तर त्यावर मुळीच सही करू नकोस, तो वेगळा असतो, त्याने तुझ्या वतीने व्यवहार करायचा अधिकारच दुसऱ्याच्या हातात जातो. नारळीपौर्णिमेला जोडून सुट्टी मिळते का बघ. मिळाली तर पावसाळी चपला घेऊन ये आणि तो मोबाइलला लावायचा भिंगाचा तुकडाही आण. माझं भिंग आता शाळेतच असतं.

तुझी,
आई