बचावकर्त्यांचा ऑनलाइन गटोपचार : आधी एवढे तरी पाळा

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३). दरड कोसळली की ढिगारा उपसणाऱ्या जवानांच्या आणि १०८ रुग्णवाहिकेच्या डॉक्टर आणि पायलटांच्या (चालकांच्या) मनाची काळजी सर्वांना वाटू लागते, आणि ती बहुधा ताणतणावावरच्या एका व्याख्यानात संपते. तेच व्याख्यान झूमवर घेतले म्हणून त्याला गटोपचार म्हणता येत नाही.

दुसरी सवय त्याहून वाईट. घटनेनंतर दोन-तीन दिवसांत सगळ्यांना सक्तीने गोलात बसवून 'काय काय पाहिलेस ते सांग' म्हणायचे. एकेकट्याबरोबर घेतलेल्या अशा एकाच बैठकीनेही आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) टळत नाही आणि काहींचा त्रास वाढू शकतो, म्हणून ती सक्ती थांबवावी, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२च्या आढाव्यात आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या 'नाइस' या संस्थेची २०१८ची मार्गदर्शिकाही ती देऊ नका असेच सांगते. शिवाय एकाने वर्णन केले की ज्याने ते प्रेत पाहिलेलेच नाही, त्याच्याही डोळ्यांपुढे ते उभे राहते.

डोळ्यांच्या हालचाली किंवा आलटूनपालटून थापा वापरून त्रासदायक आठवणींची धार कमी करणाऱ्या ईएमडीआर या उपचाराच्या गटपद्धतीत ही अडचण येत नाही, कारण प्रसंग कोणी कोणाला सांगतच नाही. प्रत्येकाजवळ एक कागद असतो. आधी मन शांत होईल अशी जागा आणि एक चांगली आठवण त्यावर लिहायची. मग सर्वांत त्रासदायक क्षण एखाद्या शब्दाने किंवा रेघोट्यांनी मांडायचा आणि त्याचा त्रास ० ते १० मध्ये नोंदवायचा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून काही वेळ आलटूनपालटून हलक्या थापा, थांबणे, पुन्हा आकडा. थापांची ही रीत मेक्सिकोत अकापुल्कोच्या वादळग्रस्तांबरोबर काम करताना १९९८च्या सुमारास निघाली. करोनाकाळात परदेशांत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हा गटोपचार व्हिडिओ कॉलवर झाला. त्यावरचे अभ्यास अजून छोटे आहेत, त्यामुळे रामबाण म्हणून कोणी विकू नये.

ऑनलाइनमध्ये घोडे अडते ते साध्या गोष्टींवर. फोन हातात धरला की थापा मारता येत नाहीत. तो डब्याला टेकवून असा ठेवावा की चेहरा आणि दोन्ही हात दिसतील. गट सहा ते आठ जणांचाच, आणि चिकित्सक दोन : एक सत्र चालवणारा, दुसरा फक्त चेहऱ्यांकडे पाहणारा. आठवण उघडी पडलेली असताना रेंज गेली तर या दुसऱ्याने लगेच साधा फोन लावायचा. त्यासाठी प्रत्येकाचा त्या वेळचा पत्ता आणि घरच्या किंवा जवळच्या एकाचा नंबर सत्राआधीच घेतलेला हवा. अग्निशमन केंद्रातून जोडून घेऊ नये. मध्येच घंटा वाजली की सगळे मुसळ केरात. रेकॉर्डिंग बंद. अधिकारी आणि हाताखालचे एका गटात नकोत, आणि 'मी नुसता बघतो' म्हणणारे साहेब तर नकोतच.

त्याआधी प्रत्येकाशी वीस-तीस मिनिटे स्वतंत्र बोलणे आवश्यक आहे. आघातोत्तर ताणविकाराची लक्षणे तपासणारी पीसीएल-५ ही २० प्रश्नांची प्रश्नावली तेव्हाच भरून घेता येते. आत्महत्येचे विचार, भान हरपणे, रोजची दारू यांपैकी काही आढळले तर गटात घेऊ नये. त्या व्यक्तीला थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक सर्वांना द्यावाच, पण तो एकेकट्याने फोन करण्यासाठी आहे, गटोपचाराला पर्याय नव्हे.

सत्र दीड-दोन तासांचे असते. रात्रपाळी करून आलेल्याला त्यात बसवू नये आणि सत्र संपताच पायलटला गाडीवर पाठवू नये. त्या रात्री झोप मोडू शकते, स्वप्ने पडू शकतात, हे आधीच सांगावे आणि एक-दोन दिवसांत प्रत्येकाला फोन करावा.

खरी भीती वेगळीच असते : यादीत नाव गेले तर कंत्राट जाईल. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. विभागाने चिकित्सकांकडून फक्त किती जण आले हा आकडा घ्यावा, नावे आणि गुण मागू नयेत. सत्राचे तास ड्युटीत धरावेत. साप्ताहिक सुट्टीतून कापले तर दुसऱ्या सत्राला कोणी फिरकणार नाही.

आपले,
दोन चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुणे