भोवऱ्याचे चित्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बारावीच्या वर्गात तीस वर्षे फळ्यावर भोवरा काढून तुम्ही इलेक्ट्रॉनचे परिवलन (इंग्रजीत 'स्पिन') शिकवलेत, आणि आता 'इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात स्वतःभोवती फिरत नाही' हे वाक्य नातवाच्या पुस्तकात वाचल्यापासून आपण इतक्या मुलांना चुकीचे सांगितले की काय, ही खंत परवा फोनवर तुमच्या आवाजात होती. मागून आईने विचारले, "फिरत नसेल, तर त्याला परिवलन म्हणायचे तरी कशाला?" फोनवर मला नीट बोलता आले नाही, म्हणून हे पत्र.

१९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या तरुणांनी ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांसमोर भोवराच होता. वयोवृद्ध भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्स यांनी हिशेब करून दाखवले, की इलेक्ट्रॉन हा विद्युतभारित गोळा मानला, तर त्याच्या पृष्ठभागाला प्रकाशाच्या कित्येक पट वेगाने फिरावे लागेल, आणि ते तर अशक्य. हादरलेले दोघे लेख मागे घ्यायला गेले; पण त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी तो आधीच पाठवून दिला होता. त्याच वर्षी त्यांच्याआधी क्रोनिग या तरुणालाही हेच सुचले होते, पण भौतिकशास्त्रज्ञ पाउलींनी ते झिडकारल्यामुळे त्याने ते छापलेच नाही. त्याच्याविषयी मला आजही फार वाईट वाटते, कारण १९२७ मध्ये परिवलनाचे गणित बांधले ते पाउलींनीच, फिरत्या गोळ्याला त्यात कुठेही जागा न ठेवता.

आई, तरीही तो शब्द पोकळ नाही. तारेच्या वेटोळ्यात टांगलेल्या लोखंडी कांडीचे चुंबकत्व उलटवले, की कांडीला अगदी सूक्ष्म पीळ बसतो; आइन्स्टाइन आणि द हास यांनी १९१५ मध्ये तो मोजला. लोखंडाचे चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या परिवलनातून येते हे पुढे कळले. त्या परिवलनाची दिशा बदलली, की एकूण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याच्या गतीचे माप, कायम राहावा म्हणून कांडीला वळावेच लागते. जे लोखंडाला वळवते, त्याला फिरण्याचे नाव देणे मला योग्यच वाटते.

मात्र फिरते काय, यावर एकमत नाही. अनेकांच्या मते परिवलन हा वस्तुमानासारखा मूळचाच गुण आहे, त्याचे चित्र मागू नये. आणि एक पूर्ण फेरा दिला तरी इलेक्ट्रॉनची अवस्था गणितात चिन्ह बदलून, अधिकची उणे होऊन येते, मूळपदावर यायला दोन फेरे लागतात, हे पाहता भोवरा अपुरा पडतो हे खरेच. पण १९३९ मध्ये बेलिनफान्टे यांनी आणि १९८६ मध्ये ओहानियन यांनी दाखवले, की इलेक्ट्रॉनच्या तरंगक्षेत्रात, म्हणजे त्याचे वर्णन करणाऱ्या पसरलेल्या तरंगात, ऊर्जेचा प्रवाह गोल फिरतो आणि परिवलन त्या प्रवाहाचेच मानता येते. माझा कल या दुसऱ्या मताकडे आहे, कारण त्यात फिरते ते छोट्या गोळ्याचे पृष्ठ नसून पसरलेला प्रवाह असल्याने लॉरेन्ट्स यांच्या आक्षेपालाही उत्तर सापडण्याची वाट दिसते.

म्हणून बाबा, तुमच्या टिपणवहीतले ते पान काढून टाकू नका. भोवऱ्याच्या चित्राखाली १९२५ हे साल आणि लॉरेन्ट्स यांचा आक्षेप तेवढा लिहा. दिवाळीत आले की त्याच्या बाजूला ऊर्जेच्या प्रवाहाचे चित्र मी काढून देईन.

तुमची,
लेक